टेनिसच्या कोर्टावर आईचं कमळ

"भंडाऱ्यात टेनिस?" असं कोणी नाक मुरडून विचारलं की माझं डोकं फिरतं. हो, भंडाऱ्यात! तिथं काय माणसं राहत नाहीत? साहेब लोकांच्या क्लबामागे इंग्रजांच्या वेळचं एक कोर्ट होतं आणि त्याच्या तारेच्या कुंपणाला लागून कारकुनांची घरं होती. त्यातलं एक आमचं. बाबा कचेरीत कारकून होते. साहेब लोक संध्याकाळी पत्ते कुटायचे, कोर्टाकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. म्हणून आमच्या कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी, म्हणजे आमच्या सरांनी, ते कॉलेजसाठी मागून घेतलं. पहिल्याच वर्षी त्यांनी माझ्या हातात रॅकेट दिली. का? तर मी उंच होते आणि दुसरी कुठलीच मुलगी उन्हात पळायला तयार नव्हती. एवढंच. बाकी हिच्या हातात जादू आहे वगैरे लोक नंतर म्हणायला लागले.

दुसऱ्या वर्षी मी विद्यापीठाच्या संघात होते. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं असतील. तेव्हा आमच्या विद्यापीठाची आणि लंकेतल्या एका विद्यापीठाची टेनिसवरून चांगलीच जुंपलेली होती. एका वर्षी त्यांनी इकडे यायचं, पुढच्या वर्षी आम्ही तिकडे जायचं, आणि जिंकेल त्यानं चांदीचा चषक घेऊन जायचा. आधीच्या खेपेला आमचे लोक तिकडून सपाटून मार खाऊन आले होते. सरांच्या मनाला ते फार लागलं होतं. चषकाचा विषय निघाला की सर चहा तसाच टाकून उठायचे.

त्या थंडीत पाहुणे इकडे यायचे होते. मुलांचे सामने नागपूरला आणि मुलींचा एकच सामना भंडाऱ्याला, असं ठरलं. आमच्या प्राचार्यांनी त्यासाठी विद्यापीठाच्या लोकांना अगदी सळो की पळो करून सोडलं होतं. तो सामना मी खेळायचा होता. आणि पुढच्या वर्षी लंकेला जाणाऱ्या संघातही माझं नाव होतं. फक्त घरून होकार पाहिजे होता, आणि तो पाहुणे परत जायच्या आत सांगायचा होता.

बाबांनी हात वर केले. म्हणाले, "तुही माय हो म्हणाली तर माहं काही म्हणणं नाही."

आई काही हो म्हणायला तयार नव्हती. आमची आई सानगडीची. धानात वाढलेली, कंबरेत पदर खोचून चिखलात उतरणारी बाई, पण पाण्याला भ्यायची. तळ्याचं पाणी चालायचं तिला, कारण पलीकडचा काठ दिसतो.

"बोटीनं जायचं?" ती म्हणाली. "रामेश्वरापर्यंत गाडी आणि तिथून दर्यातून? बाप्पा! आणि तिथं जाऊन काय करायचं, तं गुडघे उघडे टाकून नाचायचं. काहून वो, इथं जागा कमी पडून राहिली का?"

"नाचायचं नाही, खेळायचं आहे!"

"मले काय माहीत? मी का पाहिलं कधी?"

"मंग पाह्य ना एकदा," बाबा पेपराआडून म्हणाले.

"आणि बसू कुठं? तिथं साहेबाच्या बायका खुर्च्यांवर बसतात."

हे खरं होतं. कोर्ट आमच्या मोरीपासून हाकेच्या अंतरावर होतं, पण आईनं ते कुंपण कधी ओलांडलं नव्हतं. क्लबाच्या फाटकातून आत जायचं तर कशासाठी आलो ते सांगावं लागतं असं तिला वाटायचं, आणि पोरीला पाहायला आले हे कारण तिला पुरेसं वाटत नव्हतं. मला याचा राग यायचा. आईचा नाही, त्या फाटकाचा. पण ओरडायची मी आईवरच.

शेवटी ती एवढंच म्हणाली, "एकदा पाहीन. पाहून मले लाज वाटली तं जायचं नाही. मंग रडायचं नाही."

झालं! म्हणजे आता मला नुसतं जिंकायचं नव्हतं, आईला लाज वाटणार नाही असं जिंकायचं होतं. टेनिसच्या कुठल्या पुस्तकात हे शिकवतात, सांगा.

पाहुणे यायला थोडे दिवस राहिले आणि कोर्टाच्या मुरमाला भेगा पडल्या. त्या काळी यावर एकच उपाय होता. माती आणि शेण कालवून सगळं कोर्ट सारवून काढायचं. चांगलं सुकलं की त्यावर चेंडू छान उसळतो. सर सारवायला बायका शोधायला लागले. कुंपणाच्या अलीकडून आईनं ते ऐकलं आणि तिथूनच आवाज दिला, "सर, सारवणच आहे ना? मंग बाहेरून कायले आणता? आम्ही येऊ गल्लीतल्या बाया. पाहुणे येऊन राहिले, आंगण चांगलं पाहिजे."

अशी माझी आई फाटकातून आत गेली. सारवायचं म्हटल्यावर तिला कोणाला काही सांगावं लागलं नाही. गल्लीतल्या बायकांनी हसत-खिदळत, एकमेकींच्या सासवांना नावं ठेवत, धानाचं खळं करतात तसं सगळं कोर्ट सारवून काढलं. मधूनच एकीनं विचारलं, "एवढ्या खळ्यात धान कुठलं टाकता वो?" आणि आईनं माझ्याकडे बोट दाखवलं, "हे पाह्य, हे उभं आहे धान." बायका लोटपोट. मी लाल झाले. संध्याकाळी सरांनी चुन्यानं रेघा मारल्या आणि चुन्याची बादली तिथंच खांबापाशी ठेवून ते घरी गेले. त्या बादलीनं घात केला.

सामन्याच्या दिवशी सकाळी मी रॅकेट घेऊन कोर्टावर गेले तर सर मटकन खाली बसलेले. क्लबाकडच्या बाजूला, नेटपासून जरा अलीकडे, अगदी सर्व्हिस पडते त्या चौकोनात एक कमळ फुललं होतं. बैलगाडीच्या चाकाएवढं, पाकळीवर पाकळी, पांढरं शुभ्र.

"कोणी केलं हे?" सरांनी बसल्या बसल्या विचारलं.

कुंपणापलीकडून आई हौसेनं म्हणाली, "मी केलं, सर. सारवलेली जागा कोरी ठेवते का कोणी? तुम्ही नुसत्या रेघा मारून गेले, भकास दिसत होतं. चांगलं झालं ना?"

आमच्याकडे हे असंच. सारवलं की त्यावर काहीतरी काढायचंच, एक ठिपका का होईना. आईचं लग्न झालं तेव्हा सासरी लक्ष्मीची पावलं काढायचे. मग घरानं बुद्धाचा धम्म घेतला, पावलं गेली, आणि आईनं त्या जागी कमळ काढायला सुरुवात केली. आमच्या उंबऱ्यासमोर रोज ते असायचंच. पण तिथं रांगोळी असते, झाडली की गेली. इथं तिनं बादलीतला उरलेला चुना घेतला होता. "रांगोळी वाऱ्यानं उडाली असती," ती म्हणाली.

चुना सारवणात मुरून बसला होता. खरवडला असता तर सगळा पोपडाच निघाला असता. पुन्हा सारवलं तर सुकायला वेळ नव्हता. आणि त्या काळी टेनिसचा चेंडू पांढरा असायचा! पांढऱ्या कमळावर पांढरा चेंडू पडला की दिसणार काय, डोंबल?

सरांनी उठून कमळाभोवती दोन फेऱ्या मारल्या. सज्जन माणूस. शेवटी म्हणाले, "चांगलं झालं, वहिनी. फार चांगलं झालं." आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी रॅकेटच्या तारा मोजायला लागले.

पाहुणे वरठीच्या स्टेशनवर उतरून बसनं आले. मुलांच्या सामन्यांत बरोबरी झाली होती. म्हणजे चषक आता माझ्याच सामन्यावर. सरांनी घाम पुसत पुसत त्यांच्या व्यवस्थापकांना कमळ दाखवलं. ते बुवा हसले. म्हणाले, राहू द्या, बाजू तर बदलतच असतात, दोघींना सारखाच त्रास होईल. त्यांची खेळाडू मात्र हसली नाही. सावळी, ठेंगणी, दोन वेण्या वर बांधलेल्या. ती कमळाजवळ गेली, हात जोडून उभी राहिली आणि मग इंग्रजीत मला विचारलं, हे कोणी काढलं? मी म्हटलं, माझ्या आईनं. तिनं मान हलवली.

खुर्च्या भरल्या. प्राचार्यांच्या बायकोनं आईला हात करून बोलावलं, तर आई म्हणाली, "मी इथंच बरी," आणि सारवणाऱ्या बायकांबरोबर रेघेबाहेर जमिनीवर मांडी घालून बसली. डोक्यावर पदर, तोंडावर काही नाही. लंका, बोट, पुढचं वर्ष, सगळं तिथं मांडी घालून बसलं होतं.

कमळाच्या बाजूला आधी ती पोरगी होती. मी एक चेंडू आखूड टाकला. ती पळत आली आणि कमळापाशी येऊन तिचा एक पाय हवेतच राहिला. वळसा घालून पोचेपर्यंत चेंडू मेला. टाळ्या वाजल्या. पुढच्या वेळी पुन्हा तेच. तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिला चेंडू दिसत होता. ती कमळावर पाय देत नव्हती.

मला कसंतरीच झालं. असे गुण घ्यायचे म्हणजे देवळातल्या चपला उचलण्यातला प्रकार. मी त्या बाजूला चेंडू टाकणंच सोडलं. मग बाजू बदलल्या आणि कमळ माझ्याकडे आलं. मी मनात म्हटलं, आपल्याच आईचं आहे, आपण खुशाल तुडवू. कसलं काय! लहानपणापासून ते ओलांडून शाळेत गेलेली मी. पाय पडला की आईचा धपाटा पाठीत. माझा पाय आपोआप उडी मारायला लागला. पळत येते, टुणकन उडी, आणि चेंडू जाळीत. ती पोरगी पलीकडून पाहत होती. मग तिनंही तिकडे चेंडू टाकणं सोडलं.

आता असा टेनिसचा सामना तुम्ही कधी पाहिला नसेल. दोन विद्यापीठं चषकासाठी जीव टाकून राहिलेली आणि आम्ही दोघी पुढचा अर्धा चौकोन सोडून मागच्या मागे चेंडू पोचवतोय, आधी तुम्ही, नाही नाही आधी तुम्ही! सर बाहेरून ओरडत होते, "पुढे ये! अगं नेटवर ये!" माझं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. पहिला सेट तिनं घेतला, दुसरा कसाबसा मी. तिसऱ्यात तर लोक जांभया द्यायला लागले.

आणि आई उठली.

मला वाटलं, झालं, लाज वाटली हिला, आता घरी चालली. पण ती फाटकाकडे वळली नाही. तिनं रेघेपाशी चपला काढल्या आणि सरळ कोर्टात चालत आली. पंच म्हणून उंच खुर्चीवर आमचे इतिहासाचे प्राध्यापक बसले होते. ते बिचारे भांबावून, हा गुण पुन्हा खेळायचा म्हणून, "लेट! लेट! अहो बाई, लेट!" करत राहिले. आई कमळापाशी आली आणि त्यावर दोन्ही पाय ठेवून उभी राहिली. मधोमध.

"तुडव माय," ती जाळीपलीकडच्या त्या पोरीला म्हणाली. "आंगणातलं फूल आहे. पोट्टे दिवसभर तुडवतात, मी सकाळी नवं काढतो." मग माझ्याकडे वळली, "आणि तू वो? तू काहून बेंडकासारखी उड्या मारून राहिली? एवढा आटापिटा केला, मले पाहायले बोलावलं, आणि हे दाखवून राहिली का? खेळ ना नीट!"

सगळं मैदान हसलं. साहेबाच्या बायकाही हसल्या. त्या पोरीला शब्द एक कळला नसेल, पण पाय कळले. तिनं आईला हात जोडले. आईनं जाळीवरून हात लांब करून तिच्या गालाला लावला, परत गेली, चपला घातल्या आणि बसली.

मग आम्ही खेळलो. अगदी तोंडाला फेस येईपर्यंत खेळलो. कमळाची पार धूळधाण झाली, पाकळ्या फाटल्या, पांढरं सगळं आमच्या बुटांना लागलं. आयुष्यात तशी मी पुन्हा खेळले नाही. आणि हरले. थोडक्यात हरले वगैरे सांगून काय उपयोग, हरले. सरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. चषक बसमध्ये चढला.

मी मोरीपाशी जाऊन रडले. आई मागून आली तशी तिच्यावरच उखडले. "तू मधात आली नसती तर मी जिंकले असते!"

"असंन," ती म्हणाली. "पण मंग जिंकलं कोण असतं? तू का माहं कमळ?"

मी नाक शिंकरलं आणि तोंड धुतलं.

दुपारचं जेवण कॉलेजच्या हॉलमध्ये होतं. आमच्या चिन्नोर तांदळाचा भात, वरण, वांग्याची भाजी. इतके दिवस पोळ्या खाऊन कंटाळलेले ते लोक भात पाहून असे खूश झाले की काय सांगू. बोटांनी कालवून खात होते, अगदी आमच्यासारखे. आई वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "भातवाले लोक आहेत. मंग परके कायचे?" आणि त्या पोरीसमोर येऊन थांबली. मला म्हणाली, "हिले विचार, हिची माय काय करते."

मी विचारलं. आई धानाची शेती पाहते, ती म्हणाली.

"तिनं पाहिलं का हिले खेळताना?"

नाही. कधीच नाही.

"बोटीवर सोडायले आली होती?"

आली होती. बोट दिसेनाशी होईपर्यंत उभी होती.

आईच्या हातात भाताचं भांडं तसंच होतं. "भेव नाही वाटलं तिले?"

मी हे इंग्रजीत विचारलं तेव्हा ती पोरगी आधी हसली आणि मग तिचे डोळे भरले. म्हणाली, खूप. निघताना मीच रडायला लागले होते, तेव्हा आई म्हणाली, तू जा, खेळ. भिण्याचं काम मी करते.

मी ते मराठीत आईला सांगितलं. तिनं त्या पोरीच्या ताटात आणखी भात वाढला, नको नको म्हणत असताना वाढला, आणि पुढच्या ताटाकडे गेली. मी तिच्या पाठीकडे पाहत राहिले. हरलेली मी, कमळ तुडवलेलं, चषक गेलेला. मी आशाच सोडली होती.

संध्याकाळी पाहुण्यांना पोचवायला आम्ही वरठीला गेलो. आईही आली. तेही आपणहून, मी येते म्हणत. गाडी येताना दिसली तसे सर चाचरत पुढे झाले. "वहिनी, ते हिच्या जाण्याचं… विद्यापीठाला आजच कळवायचं आहे."

आईनं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"सांगून द्या, येते म्हणून," ती म्हणाली. "भ्यायचं मी पाहून घेईन."

मी तिथंच, फलाटावर, सगळ्यांसमोर, तिच्या गळ्यात पडले. "हट, येडी! लोक पाहून राहिले," ती म्हणाली, पण तिनं मला ढकललं नाही.

पुढच्या वर्षी मी गेले. बोटीत पोटातलं सगळं बाहेर आलं. तिकडे पुन्हा त्याच पोरीशी गाठ पडली आणि पुन्हा हरले. हो, पुन्हा! हसा. पण तिच्या आईच्या हातचा भात खाल्ला आणि त्या पोरीकरवी त्या माउलीला सांगितलं की आमच्याकडच्या आईनं तुमचा शब्द उचलला आहे. तिनं माझे दोन्ही हात धरून ठेवले.

परत आले तेव्हा वरठीला बाबा एकटेच घ्यायला आले होते. मी विचारलं, आई कशी आहे? बाबा म्हणाले, बरी आहे. मग बसमध्ये बसल्यावर म्हणाले, "तू गेली तेव्हापासून ती झोपली नाही धड. पहाटे उठायची, चुना घेऊन कोर्टावर जायची आणि तिथं कमळ काढायची. पोट्टे खेळून तुडवायचे, ही दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायची. तुमच्या सरांनी एक शब्द बोलू दिला नाही कोणाले."

घरी पोचले तर आई चुलीपाशी होती. मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "आली? हातपाय धू, भात होऊन राहिला." मी तिच्या हाताकडे पाहिलं. चुन्यानं बोटांची टोकं फाटली होती, आणि ती पदराआड लपवत होती.